फॉर्मबाई आणि सव्वीस शुक्रवार

त्या कॉलेजात आतापर्यंत पाच प्राचार्य झाले, इमारतीला तीनदा रंग लागला, पण दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत फॉर्मबाई होत्या तिथेच होत्या. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि बिचारं तिथेच पडून राहिलं. पोरं त्यांना फॉर्मबाई म्हणत, साहेब फॉर्मबाई म्हणत, आणि एकदा दातांच्या डॉक्टरकडे नाव विचारलं तेव्हा त्यांच्या स्वतःच्या तोंडूनही तेच बाहेर पडलं.

खोलीच्या दारावर ‘प्रशिक्षण आणि नियुक्ती विभाग’ अशी भारदस्त पाटी होती. विभाग म्हणजे एक साहेब, एक शिपाईमामा, दोन लोखंडी कपाटं आणि बाई. साहेब भाषणं ठोकत, मामा चहा आणत आणि विभाग बाई चालवत. असं त्या स्वतः कधी म्हणाल्या नाहीत, पण दुसऱ्या कुणी म्हटलं तर नाहीही म्हणत नसत.

विभागाचं सगळ्यात मोठं भूषण म्हणजे परदेशातली ती कंपनी. तिच्या शाखा म्हणे जगभर. दर वर्षी ती या कॉलेजातले चार विद्यार्थी निवडायची आणि सहा महिने आपल्या मुख्य कचेरीत काम शिकायला न्यायची. चौघांचे फोटो फाटकापाशी लागायचे, आणि साहेब त्या फोटोंशेजारी उभं राहून आपलाही फोटो काढून घ्यायचे. कंपनीची अट एकच. सव्वीस आठवडे, दर शुक्रवारी, एक छापील अहवाल. या आठवड्यात काय केलं, काय शिकलात, अडचणी, तब्येत, पुढील नियोजन, असे पाच रकाने. विद्यार्थ्यानं ते आपल्या हातानं भरून सही करायची, कॉलेजनं शिक्का मारायचा आणि कागद कंपनीच्या संकेतस्थळावर चढवायचा.

घोडं पेंड खायचं ते इथेच. पोरं एकदा विमानात बसली की अहवाल-बिहवाल साफ विसरायची. फोन करून करून बाई मेटाकुटीला यायच्या. एका वर्षी तपासणी समिती आली आणि फायलीत अकरा अहवाल कमी निघाले. साहेबांनी समितीसमोर बाईंच्या नावानं खडे फोडले आणि समिती गेल्यावर ‘मनावर घेऊ नका’ अशी समजूतही घातली. बाईंनी मनावर घेतलं. पुढच्या वर्षी त्यांनी नवीनच पद्धत काढली. निघायच्या आधी चौघांना बोलवायचं, प्रत्येकासमोर सव्वीस कोरे फॉर्म ठेवायचे आणि म्हणायचं, “सह्या ठोका आणि सुटा.” पोरं खूश. मग चौघांचे मिळून एकशे चार अहवाल बाई स्वतःच लिहून कपाटात ठेवायच्या आणि दर शुक्रवारी त्यांतले चार चढवायच्या.

या कामात बाईंचा हात असा काही बसला की बघत राहावं. चार पोरांची चार हस्ताक्षरं. एकाचं डावीकडे कललेलं, एकाचं मुंग्यांच्या रांगेसारखं. तिसऱ्या आठवड्यात थोडी सर्दी, कारण सव्वीस आठवडे ठणठणीत राहिलेला माणूस समितीला खोटा वाटतो. नवव्यात भाषेची अडचण, चौदाव्यात वरिष्ठांची शाबासकी. बाई स्वतः कधी परदेशात गेल्या नव्हत्या. बहिणीच्या सासरचं गाव, एवढाच काय तो त्यांचा लांबचा प्रवास. पण दुपारी जेवणं झाली, साहेब घरी पडायला गेले, की त्या पेनाचं टोपण काढायच्या आणि तिकडच्या रस्त्यांवरून हिंडून यायच्या. वर्षातले ते पंधरा दिवस त्यांच्या फार आनंदाचे असत.

अशी दहा वर्षं सुखात गेली. मग एक चष्मेवाला मुलगा तिकडून परत आला आणि प्रमाणपत्राची प्रत द्यायला खोलीत आला. बाईंनी सहज विचारलं, “काय रे, कसं होतं तिकडे?”

“छान होतं बाई. खूप शिकायला मिळालं.” मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो हसला. “एकदा गंमत झाली. लिफ्ट अडकली. चाळीस मिनिटं. सोबत फक्त एक बाई, त्यांच्या हातात ही एवढी मोठी कुंडी. सुटका होईपर्यंत मीच ती धरून उभा होतो.”

बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. ती लिफ्ट, ती चाळीस मिनिटं, ती कुंडी त्यांनी लिहिली होती. एका कंटाळवाण्या दुपारी, अकराव्या आठवड्यात काय घालावं सुचेना म्हणून. मुलानं सही केली तेव्हा फॉर्म कोरा होता. नंतर तो कपाटात होता, किल्ली बाईंच्या पर्समध्ये. आणि संकेतस्थळावर चढवलेला कागद विद्यार्थ्यांना दिसतच नसे.

“कुंडीत झाड कसलं होतं रे?” त्यांनी विचारलं.

मुलानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. पाटी पुसावी तसा त्याचा चेहरा कोरा झाला. “झाड,” तो म्हणाला. “झाड होतं का? आठवत नाही बाई.” झाडाचं बाईंनी काही लिहिलं नव्हतं.

रविवारी त्या त्याच्या घरी जाऊन आल्या, निमित्त काढून. मुलाच्या आईनं त्यांना दारातच गाठलं आणि आवाज खाली आणला.

“चांगला आहे हो तसा. जेवतो, झोपतो, नोकरीचं बघतो. पण तिकडचं विचारलं की तेच पाच-सहा किस्से. आणि बाई, शब्दसुद्धा तेच. एक इकडचा तिकडे नाही. मी एकदा मध्येच थांबवलं, तर त्यानं परत पहिल्यापासून सुरू केलं.”

बाईंनी मग जुन्या दोघातिघांना फोन लावले. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला सर्दी झाली होती. एका मुलीला त्यांनी विचारलं, तिकडे तुझ्या खोलीला खिडक्या किती होत्या? पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला आणि मग फोन बंद झाला. दहा वर्षांची चाळीस पोरं, प्रत्येकाचे सहा महिने. बाईंनी त्यांना आठवड्याला सहा ओळी दिल्या होत्या आणि पोरं तेवढंच जगून आली होती. त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही.

आणि नेमकी यंदाच्या चौघांत खारू होती. खारू म्हणजे बाईंची भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. बाई तिला घेऊन आल्या आणि त्यानंतर दोघींना दोघीच. पोरगी जिन्यावरून चालत म्हणून कधी आली नाही, कायम तुरुतुरु पळत, म्हणून खारू. आता ती याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. फाटकापाशी तिचा फोटो लागला होता आणि त्याच्याशेजारी साहेबांचाही काढून झाला होता.

“नाही गेलीस तर नाही का चालणार?” बाईंनी विचारून पाहिलं.

“मावशी!” खारूनं कपाळाला हात लावला. “इतकी वर्षं तूच माझ्या मागे लागली होतीस ना, जग बघ, माझ्यासारखी कोपऱ्यात बसू नकोस म्हणून? आता निघाले तर तुझंच तोंड बारीक!”

मी लिहिते ते घडतं, असं सांगितलं असतं तर पोरीनं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. बाईंनी मनाशी तोडगा काढला. सह्या घ्यायच्या, पण यंदा लिहायचंच नाही. फॉर्म कोरे ठेवायचे. आपण लिहिलं नाही तर पोरं आपली आपण जगतील. पोरांच्याच हातात पेन द्यावं, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलंच नाही. दहा वर्षांत तशी सवयच राहिली नव्हती, आणि चुकलं ते तिथेच.

खारू गेली. सोमवारी चहाच्या वेळी तिचा व्हिडिओ कॉल आला. पांढरी भिंत, करडं टेबल, मागे मोठी खिडकी, टेबलावर वाफाळता कप. “पोचले गं. इथे बसवलंय. इथले साहेब येतील म्हणाले.” बाईंचा जीव भांड्यात पडला.

मंगळवारी त्यांनी फोन केला. तीच भिंत, तोच कप.

“आलं का कुणी?”

“अजून नाही. आत्ताच तर बसलेय.”

बुधवारीही ती आत्ताच बसलेली होती. अंगात तोच निळा स्वेटर. खिडकीतला ढग काल होता तिथेच होता.

“किती वाजले तिकडे?” बाईंनी विचारलं.

“दहा.” खारूनं मनगटाकडे बघितलं, मग पुन्हा बघितलं. “मावशी, लोक इथून जातायत-येतायत, पण माझ्याकडे कुणी बघतच नाही. आणि हा चहा... मी पितेय गं, पण संपत नाहीये. गारही होत नाहीये.” ती हसायला गेली पण तिला हसू आलं नाही. “आज सोमवारच आहे ना?”

गुरुवारी सकाळी मामांनी कुलूप काढायच्या आत त्या दारात हजर होत्या. त्यांनी खारूचा पहिला फॉर्म काढला आणि छान गोलगोल अक्षरात लिहिलं, ‘साहेब भेटले. काम समजावून दिलं. शेजारच्या टेबलावरची एक मुलगी मैत्रीण झाली. ती फार मोठ्यानं हसते.’

शाई वाळायच्या आत फोन वाजला.

“मावशी, साहेब भेटले! काम समजावून दिलं. शेजारच्या टेबलावरची एक मुलगी मैत्रीण झाली. ती फार मोठ्यानं हसते.”

बाईंनी फोन टेबलावर पालथा ठेवला. मामा चहा घेऊन समोर उभे होते. “बाई, बरं वाटत नाही का?”

“उरलेल्या तिघांचेही फॉर्म काढून द्या मामा,” बाई म्हणाल्या. “लवकर.”

मग त्यांनी लिहायला घेतलं ते असं की बोटाला घट्टा पडला. तिघांना पूर्वीच्या तिप्पट दिलं. खारूला तर काही म्हणून कमी पडू द्यायचं नाही, असा चंगच बांधला. सहा ओळींत भागेना म्हणून पुरवण्या जोडल्या. उठली, दात घासले, केस विंचरले, इथपासून सगळं. खोलीला दोन खिडक्या, एकीची कडी सैल. बूट चावतात, डाव्या पायाचा जास्त. मैत्रिणीचा चेहरा लिहायचा राहून गेला होता, तर खारू आठवडाभर तिच्या दिसण्याचा विषय निघाला की घाबरून दुसरंच बोलायची. बाईंनी घाईघाईनं नाक, डोळे आणि हनुवटीवरचा तीळ पाठवून दिला.

पण बाईंनी पाहिलेलं जग ते केवढं! लिहिता लिहिता तिकडच्या रस्त्यावर एक शिंप्याचं दुकान आलं. मग पोचे आलेली टपालपेटी आली. न्हाव्याच्या दारात झोपणारा, एक कान तुटलेला कुत्रा आला. मैत्रीण हसता हसता खोकायला लागली, मामा खोकतात अगदी तशी.

“किती गंमत ना मावशी,” दहाव्या आठवड्यात खारू म्हणाली. “इतक्या लांब आले आणि सगळं आपल्या गल्लीसारखंच आहे. आज तर कोपऱ्यावरच्या एका खिडकीत तुझ्यासारखी बाई दिसली. अगदी तुझ्यासारखी. काहीतरी लिहीत बसली होती.”

“तिनं तुला पाहिलं?”

“नाही गं. मान वर कुठे करते ती.”

बाईंनी फाइल उपसली. पुरवण्या उलटसुलट दोनदा वाचल्या. शिंपी होता, कुत्रा होता, कडी होती. खिडकीतली बाई त्यांनी कुठेच लिहिलेली नव्हती. त्यांनी फाइल मिटली आणि त्यांना रडू आलं. पोरीला जग बघायला पाठवली होती, आणि तिला दिलं काय, तर आपलीच गल्ली.

तरी त्या लिहीत राहिल्या. थांबल्या तर तिकडे सोमवार होणार, हे त्यांना माहीत होतं.

एकविसाव्या आठवड्यात साहेब नाचतच खोलीत आले. “बाई, तुमच्या भाचीनं नाव काढलं! कंपनी म्हणते, इतके जिवंत अहवाल आजवर कुणी पाठवले नाहीत. तिला आणखी वर्षभर ठेवून घेतो म्हणतात. हे बघा, बावन्न फॉर्मही पाठवलेत.” त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. बावन्नच्या बावन्न फॉर्मांवर खारूची सही होती आणि वर सगळे कोरे होते.

बाईंनी लगेच फोन लावला. “तुला राहायचंय का तिकडे? खरं सांग.”

“तू सांग ना.”

“मी कशी सांगू? तुझं तू सांग.”

“मला नाही कळत गं.” खारूचा आवाज आनंदी होता, पण त्यात चढउतार म्हणून नव्हता. “तू सांगितलंस की मग कळतं.”

बाईंनी ओठ चावला. “बरं, ते राहू दे. तुझी आई कशी हसायची? लहानपणी मला करून दाखवायचीस बघ.”

पडद्यावरून खारूनं त्यांच्याकडे बघितलं. मग अगदी मऊपणे म्हणाली, “तू लिही ना मावशी, म्हणजे आठवेल.”

फोन ठेवल्यावर बाईंनी तेच केलं जे कुठल्याही मावशीनं केलं असतं. ‘घरी परत आले’ असं लिहायला त्यांनी पेन उचललं. लिहिलं की पोरगी येणार, यात शंकाच नव्हती. दार उघडून हसत आत येणार. पण येणार कोण? आल्यावर ती काय जेवली, कधी झोपली, कुणावर चिडली, हेही रोज आपल्यालाच लिहावं लागलं तर? बाईंचं वय काही कमी नव्हतं. आज ना उद्या त्यांचा हात थांबणारच होता, आणि मग पोर कुठल्यातरी सोमवारी दहा वाजता कप हातात घेऊन बसून राहणार होती. कायमची. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी बावन्न फॉर्मांचा गठ्ठा त्यांनी ‘विद्यार्थिनीशी बोलून ठरवावे’ असा शेरा मारून कंपनीला परत धाडला. मग चार पाकिटं घेतली. प्रत्येकात शेवटचे चार-चार कोरे फॉर्म घातले आणि एक चिठ्ठी. ‘यापुढचं तुम्ही लिहा. घडेल ते लिहा, काही घडलं नाही तर तसं लिहा. मला विचारू नका.’ खारूच्या चिठ्ठीत शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा लिहिलं.

कुरियर निघालं. पण लिहिल्याशिवाय तिकडे पान हलत नाही, मग पाकीट तरी हातात कसं पडणार? म्हणून बाविसाव्या आठवड्याचे फॉर्म बाईंनी स्वतःच भरले. पाकीट वाटेत असेतोवर रोजचं उठणं-बसणं लिहिलं आणि शेवटी चौघांनाही एकच मजकूर दिला. ‘पाकीट मिळालं. उघडलं. पेन हातात घेतलं’. पूर्णविराम द्यायचा काही त्यांना धीर झाला नाही. फॉर्म चढवून झाल्यावर त्यांनी आपलं पेन कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली मामांच्या हातात दिली.

“मी मागितली तरी देऊ नका.”

“आणि रडून मागितलीत तर?” मामा म्हणाले.

“तरी नाही.”

पुढच्या शुक्रवारी दुपारपर्यंत दोन मुलांचे अहवाल आले. एकानं लिहिलं होतं, ‘काम कंटाळवाणं आहे. वरिष्ठ तिरसट आहेत.’ दुसऱ्याला खोलीची किल्ली सापडत नव्हती आणि त्यावर त्यानं अख्खं पान खर्ची घातलं होतं. चार वाजता तिसऱ्याचा आला. त्यात एकच ओळ होती, ‘हे काय चाललंय?’ बाईंनी तिन्हींवर शिक्के मारले. खारूचं काहीच आलं नाही. फोन वाजत राहायचा, उचलायचं कुणी नाही.

“एक राहिला बाई,” साहेब दारातून म्हणाले. “टाका की भरून तुम्हीच, नेहमीसारखा.”

म्हणजे साहेबांना इतकी वर्षं सगळं माहीत होतं तर.

“नाही,” बाई म्हणाल्या. साहेबांनी हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर ऐकला नव्हता. ते आल्या पावली निघून गेले.

शनिवार गेला, रविवार गेला. बाईंनी घरातली सगळी पेनं, खडूचे तुकडे, खारूच्या जुन्या कंपासपेटीतली शिसपेन्सिल, सगळं एका पिशवीत घालून शेजारच्या काकूंकडे ठेवायला दिलं. काकूंना काय सांगायचं ते न सुचल्यामुळे त्या म्हणाल्या, मुंग्या झाल्यात. तरी रविवारी संध्याकाळी त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या आणि त्यांचं बोट टेबलावर आपलं आपण काहीतरी गिरवत होतं. भानावर आल्या तेव्हा त्यांनी तो हात मांडीखाली दाबून धरला.

सोमवारी दुपारी खारूचा अहवाल आला.

अक्षर गोलगोल नव्हतं. उभं, घाईचं, तीन ठिकाणी खोडलेलं. क्षणभर बाईंना ते ओळखूच येईना, आणि मग आलं. शाळेच्या वह्यांत बारा वर्षं पाहिलेलं अक्षर हेच होतं. ते गोल अक्षर बाईंनीच तिला चिकटवलेलं होतं.

‘काय केलं: आठ दिवस पेन हातात धरून बसले. नवव्या दिवशी चहा गार झाला. मग उठून बाहेर गेले.

काय शिकलात: इथला रस्ता आपल्या गल्लीसारखा अजिबात नाही. शिंपी नाही, कुत्रा नाही. मोठ्यानं हसणाऱ्या मैत्रिणीबद्दल चौकशी केली, तर अशी कुणी इथे कधी नव्हतीच म्हणतात. मला तिची आठवण येते.

अडचणी: मावशी. तू हे काय केलंस? मला तुझा इतका राग आलाय की तुझा आवाजसुद्धा ऐकायचा नाही.

तब्येत: खूप रडले. आता बरी आहे.’

बाईंनी कागद तीनदा वाचला. ‘राग आलाय’ वरून बोट फिरवलं. असलं वाक्य त्यांनी स्वतः सात जन्मांत लिहिलं नसतं. पोर जिवंत होती, तिची ती होती, आणि त्यांच्यावर जळफळत होती. बाई मामांच्या देखत हुंदके देऊन रडल्या, आणि मामांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “काही नाही हो, बरं वाटतंय.”

त्यानंतर फोन आला नाही. शुक्रवारी अहवाल तेवढा यायचा. चोविसाव्या आठवड्यात खारू बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत गेली होती. तिथे समुद्र होता. समुद्र बाईंनी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे तो त्यांनी तिला दिलाही नव्हता. पंचविसाव्यात ती वरिष्ठांशी भांडली आणि नंतर तिला दुसरं, जरा बऱ्यापैकी काम मिळालं. त्याच पानावर खाली एक ओळ होती. ‘गल्लीतलं सगळं गेलं, पण कोपऱ्यावरच्या खिडकीतली ती बाई अजून आहे. आता लिहीत नाही. नुसती माझ्याकडे बघत असते.’ बाईंनी त्या ओळीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच राहू दिला.

सव्विसावा अहवाल शुक्रवारी अकरा वाजता आला. बाईंनी छापून समोर घेतला. शिक्क्याखाली सही करायची म्हणून मामांनी पेन काढून दिलं होतं. पहिले चार रकाने भरलेले होते. पाचव्यात, पुढील नियोजनासमोर, खारूनं लिहिलं होतं, ‘परत यायचं की नाही, अजून ठरवलेलं नाही.’ त्याखाली तीन ओळी मोकळ्या होत्या.

तीन ओळी म्हणजे बाईंच्या हिशेबी अर्धा आठवडा. आणि तीन आठवड्यांत त्यांचा हात ते उभं, घाईचं अक्षर शिकलेला होता. ‘येते मावशी’ एवढे दोनच शब्द पुरले असते. हवं तर पुढे ‘राग गेला’. कुणाला कळलं नसतं, खारूलाही नाही. तिला ते आपल्याच मनात आल्यासारखं वाटलं असतं. उद्या-परवा जिन्यावर पावलं वाजली असती. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. घर किती रिकामं होतं ते त्यांना खोलीत बसल्या बसल्या दिसत होतं, आणि पोरगी त्यांना हवी होती, इतकी हवी होती की हात दुखत होता.

कागदावर जागा मोकळी राहिली की कचेरीत तिच्यावर तिरकी रेघ ओढतात, मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून. बाईंनी खणातून पट्टी काढली. ती तीन ओळींवर आडवी धरली आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. रेघ पुरी झाल्यावर मात्र त्यांच्या मनात आलं, की रेघ हेही लिहिणंच झालं की काय. पण आता झालं ते झालं होतं. त्यांनी शिक्का मारला, सही केली आणि कागद चढवायला मामांकडे दिला.

मग त्या खुर्चीत बसून राहिल्या. फोन समोर होता. तो वाजेल की नाही, हे या खेपेला कुठेच लिहिलेलं नव्हतं.